लिव्हरपूल : बंदराचा इतिहास आणि त्याची स्थानिक साधने

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• लिव्हरपूल या इंग्लंडमधील बंदराच्या वाढीचे मुख्य टप्पे सांगता येतील;
• स्थलनाम, बोली, वास्तू आणि दप्तर ही इतिहासाची स्थानिक साधने कशी वाचावीत, हे स्पष्ट करता येईल;
• एखादे साधन काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विवेक करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'इतिहासाची साधने' हे शब्द उच्चारताच मराठी वाचकाला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे स्मरण होते. गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरे त्यांनी १८९८ पासून खंडशः प्रसिद्ध केली, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु राजवाडे कागदापाशी थांबले नाहीत. गावाचे नाव, माणसाचे आडनाव, बोलीतला एखादा शब्द हाही त्यांच्या लेखी पुरावाच होता. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत. पण भाषा हे इतिहासाचे साधन आहे, ही त्यांची दृष्टी मात्र टिकून राहिली आहे.

हीच दृष्टी घेऊन या घटकात आपण एका परक्या शहराकडे पाहणार आहोत. परके शहर निवडण्याचे कारण असे, की आपल्या गावाची नावे आपल्या इतक्या सवयीची असतात की ती आपल्याला ऐकूच येत नाहीत. दूरच्या शहरात तीच गोष्ट ठळकपणे दिसते. शिवाय हे शहर वाटते तितके दूरही नाही. विदर्भातील कापसाचा आणि मुंबईच्या एका मोठ्या आर्थिक कोसळण्याचा धागा तेथपर्यंत जातो. तो या घटकाच्या उत्तरार्धात आपण पाहू.

२. नाव सांगते ते पाणी

लिव्हरपूल हे शहर इंग्लंडच्या वायव्य भागात, मर्सी नदीच्या मुखाशी वसले आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस या नावाची पहिली नोंद आढळते. प्राचीन इंग्रजीतील 'दाट, गढूळ पाणी' या अर्थाचा शब्द आणि 'डोह' किंवा 'खाडी' या अर्थाचा 'पूल' हा शब्द यांपासून ते बनले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे लिव्हरपूल ही 'गढूळ खाडी' होय.

पण आज या शहरात फिरणाऱ्याला अशी खाडी कोठेही दिसत नाही. मग नाव खोटे म्हणावयाचे काय? नाव खोटे नाही. बदलली आहे ती जमीन. मर्सी नदीतून एक चिंचोळी खाडी पूर्वी शहरात शिरत असे आणि भरतीच्या वेळी तीत पाणी चढत असे. आज पॅराडाइज स्ट्रीट आणि व्हाइटचॅपल हे रस्ते ज्या रेषेत जातात, ती त्या बुजलेल्या खाडीची रेषा आहे. वस्तू नाहीशी झाल्यावरही नाव तिची साक्ष देत राहते, हे स्थलनामाचे मोठे सामर्थ्य होय.

१२०७ मध्ये राजा जॉन याने या ठिकाणाला सनद देऊन नगराचा दर्जा दिला. त्या काळी येथे अवघे सात रस्ते होते. कॅसल स्ट्रीट, डेल स्ट्रीट, चॅपल स्ट्रीट ही नावे आजही तशीच आहेत. बँक स्ट्रीटचे वॉटर स्ट्रीट झाले, मूर स्ट्रीटचे टाइदबार्न स्ट्रीट झाले. या शेवटच्या नावाकडे लक्ष द्यावे. 'टाइद' म्हणजे चर्चला द्यावयाचा उत्पन्नाचा दशांश आणि 'बार्न' म्हणजे कोठार. दशांशाचे धान्य साठविण्याचे कोठार या रस्त्यावर होते. कोठार गेले, तो कर गेला, नाव राहिले. किल्ला, चर्च, कोठार, पाणी : मध्ययुगीन नगराचा सारा संसार या मोजक्या रस्त्यांच्या नावांत सामावलेला आहे.

३. गोदी : भरती-ओहोटीवर मात

पुढील पाचशे वर्षे लिव्हरपूल लहानच राहिले. १७०० च्या सुमारास त्याची वस्ती जेमतेम ५ हजारांच्या आसपास होती. जवळचे जुने बंदर चेस्टर होते. परंतु तेथील डी नदी गाळाने भरत गेली आणि व्यापार मर्सीकडे वळू लागला. मर्सीची अडचण निराळी होती. या नदीच्या मुखाशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत मोठ्या उधाणाच्या वेळी सुमारे १० मीटरपर्यंत अंतर पडते. भरतीला तरंगणारे जहाज ओहोटीला चिखलात रुतून कलंडत असे. माल चढविणे-उतरविणे म्हणजे पाण्याची वाट पाहत बसणे.

यावर उपाय शोधला तो थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने. त्याने खाडीच्या मुखाशीच भिंती बांधून पाण्याचा एक बंदिस्त हौद तयार केला. भरतीला दरवाजे उघडून जहाज आत घ्यावयाचे आणि ओहोटीपूर्वी ते बंद करावयाचे. बाहेर नदी कितीही उतरली, तरी आतील पाणी त्याच पातळीवर राहते. १७१५ मध्ये खुली झालेली ही गोदी व्यापारी उपयोगासाठी बांधलेली जगातील पहिली बंदिस्त गोदी मानली जाते. तीत सुमारे १०० जहाजे मावत. शतकभरात जहाजे मोठी झाली आणि ही गोदी अपुरी पडली. १८२६ मध्ये ती बंद करून बुजविण्यात आली.

२००१ मध्ये उत्खननात तिच्या भिंती पुन्हा सापडल्या. आज त्या एका आधुनिक बाजारसंकुलाच्या पोटात जतन केलेल्या आहेत. नावाने ज्या खाडीची साक्ष दिली, तिचा पुरावा जमिनीनेही दिला. दोन स्वतंत्र साधने एकच गोष्ट सांगू लागली, की इतिहासकाराचा विश्वास वाढतो. हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

४. जे धक्क्यावर आलेच नाही

१८०१ पर्यंत लिव्हरपूलची लोकसंख्या सुमारे ७८ हजारांवर गेली. शंभर वर्षांत पंधरापट वाढ. या वाढीमागे मीठ, साखर, तंबाखू, कापूस यांचा व्यापार होता, तसाच माणसांचाही व्यापार होता. लिव्हरपूलहून निघालेल्या पहिल्या ज्ञात गुलामवाहू जहाजांपैकी एक 'लिव्हरपूल मर्चंट' होय. ते १६९९ मध्ये निघाले आणि २२० आफ्रिकी माणसांना बार्बाडोस बेटावर घेऊन गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या गुलामव्यापाराचा मोठा हिस्सा याच बंदरातील जहाजांच्या हाती होता.

येथे साधनांचा एक गंभीर प्रश्न उभा राहतो. हा व्यापार तीन टप्प्यांत चाले. लिव्हरपूलहून कापड, धातूच्या वस्तू, बंदुका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात. तेथून माणसांना कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेले जाई. तेथून साखर, रम आणि कापूस लिव्हरपूलला येई. मधला, सर्वांत भीषण टप्पा महासागराच्या पलीकडे घडे. लिव्हरपूलच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला जाताना कापडाच्या गाठी दिसत आणि येताना साखरेची पिंपे. शहराने तो व्यापार केला, परंतु तो शहराच्या डोळ्यांसमोर क्वचितच आला. म्हणूनच बंदरातील मालाची दप्तरे कितीही काळजीपूर्वक वाचली, तरी त्या माणसांची नावे हाती लागत नाहीत.

तरीही काही खुणा उरल्या. अठराव्या शतकात बांधलेल्या नगरभवनाच्या भिंतीवरील शिल्पपट्टीत हत्ती आणि आफ्रिकी माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. शहराला ज्याचा अभिमान वाटला, ते त्याने दगडात कोरले. आज तोच दगड साक्षीदार ठरतो. नदीकाठचा 'गोरी' हा रस्ता पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, गुलामव्यापाराशी जोडलेल्या बेटाचे नाव वागवतो. आणि सेंट निकोलस चर्चच्या नोंदवहीत १७१७ मध्ये दफन झालेल्या एबल नावाच्या एका कृष्णवर्णीय माणसाची नोंद आहे. तीत त्याच्या नावापुढे तो कोणाचा होता, हेही लिहिलेले आहे. त्याचे वय, त्याचा गाव, त्याची भाषा यांविषयी एक अक्षर नाही. मालकाचे नाव लिहिण्यापुरती मात्र लेखणी चालली. दप्तरातील एका ओळीत समाजाची सारी रचना कशी उमटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामव्यापारावर बंदी घातली. लिव्हरपूलचाच खासदार विल्यम रॉस्को याने, शहरातील धनिकांचा रोष पत्करून, बंदीच्या बाजूने मत दिले. पुढे १९९९ मध्ये नगर परिषदेने या इतिहासाबद्दल औपचारिक क्षमायाचना केली आणि २००७ मध्ये, बंदीला दोनशे वर्षे झाली असता, तेथे आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय सुरू झाले.

५. नावाचा पुरावा : एक इशारा

स्थलनामे बोलतात, पण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोहही होतो. 'पेनी लेन' हा लिव्हरपूलमधील रस्ता 'बीटल्स' या गायकवृंदाच्या १९६७ मधील गीतामुळे जगभर परिचित झाला. अठराव्या शतकात जेम्स पेनी नावाचा एक गुलामव्यापारी या शहरात होता आणि त्याने या व्यापाराचे उघड समर्थन केले होते. नाव जुळले, काळ जुळल्यासारखा वाटला, आणि हा रस्ता त्याच्याच नावाचा, असे अनेक वर्षे सांगितले गेले. संग्रहालयातील गुलामव्यापाराशी संबंधित रस्त्यांच्या मांडणीतही त्याचा समावेश होता. २०२० मध्ये कागदपत्रांचा फेरतपास झाला, तेव्हा रस्त्याला त्या व्यापाऱ्याशी जोडणारा पुरावा आढळला नाही आणि ते नाव मांडणीतून काढण्यात आले.

भाषाविज्ञानात ज्याला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. ध्वनिसाम्य हा शोधाचा प्रारंभ असू शकतो, शेवट नव्हे. आणि याचा अर्थ शहराचा अपराध कमी झाला, असा मुळीच नाही. खरा पुरावा विपुल असताना कच्चा पुरावा वापरला, तर नाकारणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र मिळते. म्हणून ज्या विषयात आपले मन अधिक गुंतलेले असते, तेथे पुरावा अधिक काटेकोरपणे तपासावा.

६. दलालाच्या यादीतील हिंगणघाट

गुलामव्यापार थांबला, तरी गुलामांच्या श्रमाने पिकलेला माल येणे थांबले नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूल हे जगातील कापसाचे प्रमुख बाजार बनले. येथून रुई मँचेस्टर आणि लँकेशायरमधील गिरण्यांकडे जाई. १८३० मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांना जोडणारा लोहमार्ग सुरू झाला. ही रुई मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे आणि तेथे ती गुलाम मजूर वेचीत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. लिव्हरपूलचे दलाल भारताकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव चढले, पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे समभाग वाटेल त्या किमतीला विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातील सर्वांत गाजलेले नाव. १८६५ मध्ये युद्ध संपले, लिव्हरपूलमधील भाव कोसळला आणि त्याबरोबर मुंबईतील कंपन्या, पेढ्या आणि असंख्य कुटुंबेही कोसळली.

भाषेच्या अभ्यासकाने या काळातील लिव्हरपूलच्या बाजारभावांच्या याद्या पाहाव्यात. त्यांत कापसाच्या जातींची नावे म्हणून 'उमरावती', 'हिंगणघाट', 'धारवाड', 'भडोच' हे शब्द आढळतात. उमरावती म्हणजे आपली अमरावती. ज्या दलालाने वर्धा नदी कधी पाहिली नव्हती, त्याच्या तोंडी हिंगणघाट हे गाव नव्हते, रुईची एक प्रत होती. विशेषनामाचे सामान्यनाम झाले. याहून वाईट दशा 'सुरत' या शब्दाची झाली. भारतीय कापसाला लँकेशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, यंत्रावर वरचेवर तुटणारा. गाठींत कचराही असे. सूत तुटले की कामगाराची मजुरी कमी होई. परिणामी हलक्या, भेसळीच्या मालाला 'सुरत' म्हणण्याची रीत पडली. एका समृद्ध बंदराचे नाव दुसऱ्या देशात निंदाव्यंजक विशेषण झाले. अर्थापकर्षाचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा.

या याद्या काय सांगत नाहीत, तेही पाहावे. त्यांत गाव आहे, प्रत आहे, भाव आहे. ती रुई पिकविणारा शेतकरी, वेचणारी बाई, अमेरिकेतील गुलाम मजूर यांपैकी कोणीही नाही. चर्चच्या नोंदवहीत एबलचे निदान नाव तरी होते. म्हणून लिव्हरपूलच्या कापूसबाजाराचा इतिहास लिव्हरपूलमध्ये बसून पुरा होत नाही; त्याची उरलेली साधने वऱ्हाडात, मुंबईत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत आहेत. बंदराचा स्थानिक इतिहास निव्वळ स्थानिक कधीच नसतो.

७. बोली : धक्क्यावर उतरलेली माणसे

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. १८४७ या एका वर्षात सुमारे ३ लाख आयरिश माणसे लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. पुष्कळजण पुढे अमेरिकेला गेले; ज्यांच्यापाशी भाड्याचे पैसे नव्हते, ते तळघरांत दाटीवाटीने राहिले. त्याच वर्षी शहराने डॉ. विल्यम डंकन यांची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक केली. ब्रिटनमधील हे असे पहिले पद. १८५१ च्या जनगणनेत शहरातील सुमारे २२ टक्के रहिवासी आयर्लंडमध्ये जन्मलेले होते.

ही जनगणना जशी कागदावर आहे, तशीच ती लोकांच्या जिभेवरही आहे. लिव्हरपूलच्या बोलीला 'स्काउस' म्हणतात. हा शब्द मुळात 'लॉब्स्काउस' या खलाशांच्या रश्श्याचा : मांस, बटाटे आणि कडक बिस्किटे एकत्र शिजवून केलेला हा गरिबाचा पदार्थ. पदार्थाचे नाव माणसांना आणि माणसांचे नाव बोलीला मिळाले.

या बोलीत दोन थर सहज दिसतात. 'फेअर' आणि 'फर' या दोन इंग्रजी शब्दांतील स्वर येथे एकसारखे उच्चारले जातात. हा जुन्या लँकेशायरचा वारसा. दुसरीकडे, अनेकांना उद्देशून बोलताना येथे 'यूझ' असे सर्वनाम ऐकू येते. प्रमाण इंग्रजीत 'यू' हे एकच रूप एकासाठीही आणि अनेकांसाठीही चालते. आयरिश भाषेत मात्र, मराठीप्रमाणेच, एकवचन आणि अनेकवचन यांची रूपे वेगळी आहेत. गंमत म्हणजे तेथील एकवचनी सर्वनामाचा उच्चारही 'तू' असाच आहे. ज्यांच्या मनात हा भेद रुजलेला होता, त्यांनी नव्या भाषेत त्यासाठी जागा करून घेतली. शब्दाच्या शेवटी येणारा 'क' घासून 'ख़'सारखा उच्चारण्याची लकबही या बोलीत आहे. तिच्या उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून तिला आयरिश प्रभावाचा पुरावा म्हणून घाईने पुढे करू नये. पेनी लेनचा धडा येथेही लागू होतो.

८. ओसरलेले बंदर, उरलेली साधने

१८४६ मध्ये उघडलेल्या अल्बर्ट गोदीच्या वखारी जेसी हार्टली याने लोखंड, वीट आणि दगड यांच्या बांधल्या. आग लागू नये म्हणून बांधकामात लाकूड टाळले. विसाव्या शतकात मात्र दैव फिरले. मे १९४१ मधील सलग बाँबहल्ल्यांत सुमारे १७०० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे मालवाहतूक मोठ्या पोलादी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, होऊ लागली. त्या जहाजांना खोल पाणी आणि विस्तीर्ण धक्के हवे होते, हमालांचे हात नको होते. १९७२ मध्ये दक्षिणेकडील गोद्या बंद झाल्या. १९३१ मध्ये सुमारे ८ लाख ५५ हजार असलेली वस्ती २०११ मध्ये सुमारे ४ लाख ६६ हजारांवर आली.

वखारी ओस पडल्या, तरी साधने सांभाळली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयात शहराचे अभिलेखागार आहे. १७६६ पासून निघालेल्या व्यापारी नामसूच्यांवरून कोणत्या रस्त्यावर कोण राहत असे आणि काय व्यवसाय करी, हे शोधता येते. गोदी मंडळाची दप्तरे सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. पण जतन म्हणजे कायमची हमी नव्हे. २००४ मध्ये येथील बंदरपरिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नव्या बांधकामांमुळे त्याचे मूळ रूप बिघडल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये तो काढून घेण्यात आला.

९. सारांश

या घटकात आपण चार प्रकारची साधने पाहिली. स्थलनाम हरवलेल्या वस्तूची आठवण ठेवते, परंतु ध्वनिसाम्याने फसवूही शकते. वास्तू बांधणाऱ्याचा अभिमान सांगते. दप्तर नेमके असते, पण ते ठेवणाऱ्याला जे मोजावेसे वाटले तेवढेच ते मोजते. बोलीत मात्र अनेकदा त्या माणसांची खूण राहते, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावेत : हे काय सांगते? हे कोणी, कोणासाठी निर्माण केले? आणि यातून कोण गळले?

१०. स्वाध्याय

१. 'बंदराचा स्थानिक इतिहास निव्वळ स्थानिक कधीच नसतो', हे विधान कापसाच्या व्यापाराच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'सुरत' या शब्दाच्या अर्थापकर्षाची कारणे सांगा आणि मराठीतील अर्थापकर्षाची दोन उदाहरणे द्या.
३. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एक असे स्थलनाम निवडा, की ज्यातील मूळ वस्तू आज तेथे नाही. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 'कॉटन ग्रीन' हे स्थानकनाम घेण्यास हरकत नाही. त्या नावाविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती आधी लिहा. मग ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, नगरपालिका, ग्रंथालय यांपैकी एका ठिकाणी निदान एक लेखी नोंद शोधा. दोहोंत मेळ बसतो काय, ते लिहा. मेळ बसला नाही, तर तसे स्पष्ट नमूद करा. या उत्तरालाही पूर्ण गुण आहेत.